थोरलीचं नाव

बामा रस्त्यावरच्या चौकीपाशी रिक्षा खड्ड्यात आदळली आणि यागानाच्या मांडीवरचा गठ्ठा घसरून पायाशी पडला. दोरी जुनी, ती तुटली. नऊ वर्षांपूर्वीचे, कडा करपल्यासारखे पिवळे झालेले छावणीच्या नोंदणीचे कागद रिक्षाभर पसरले. हात लांबवून ती ते गोळा करायला लागली, तर नेमका तोच कागद वर आला. दुगूरी गाव. बाईचं नाव केल्लू. नवरा मयत. मुलं: पाच. पाचचा आकडा तिनेच काढला होता, शेपटी लांब वळवून, नव्या नोकरीच्या ऐटीत. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि अक्षर सुंदर असणं हीसुद्धा एक मदतच आहे असं तिला वाटायचं. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "ताई, सरकारी कागद दिसतात. उडाले तर मला आत टाकतील का?" ती म्हणाली, "तुला नाही रे बाबा, मला." तो हसला. तीही हसली. चौकीवरच्या शिपायानं आत डोकावून हातानेच जा म्हटलं. वाळवंटातून येणारा थंड, कोरडा वारा सुटला होता, रस्त्याच्या दुतर्फाचे कडुनिंब पांढुरके झाले होते, दातांखाली धूळ करकरत होती. तिने तो कागद गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सारला, आणि मग पुन्हा वर काढला. लपवून काय होणार होतं? मदत देणाऱ्या देशाकडून आलेल्या पाहुण्या बाईला आज नेमका तोच कागद हवा होता.

काल कार्यालयाच्या साहेबानं, म्हणजे ग्रेमानं, एवढंच सांगितलं होतं की दुगूरीचा गठ्ठा कोठीतून काढून आण, यंत्रात नुसते आकडे आहेत, बाईंना हाताने लिहिलेलं बघायचंय. दुगूरीच्या केल्लू नावाच्या बायका निदान चार होत्या. यागाना रात्रभर स्वतःची समजूत घालत होती की दुसरी कुणीतरी असेल. पण सकाळी निरोप आला, पाच मुलांची विधवा ती, आणि आता कागदच हातात आला. एकोणीस वर्षांची एक मुलगी दोन वर्षांपासून शहराबाहेरच्या आश्रयगृहात राहत होती. गावावर हल्ला झाला तेव्हा आजीबरोबर पळताना चुकलेली, चार वर्षं जंगलात बंदूकवाल्यांच्या ताब्यात काढलेली, मग कुठे कुठे फिरून इथे पोचलेली. आई केल्लू, गाव दुगूरी, एवढं ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. शोध घेणाऱ्या विभागानं याद्या चाळल्या. मूल हरवल्याची नोंद असलेली दुगूरीची केल्लू सापडेना. कशी सापडणार? जी केल्लू होती तिची पाच मुलं होती आणि पाचही तिच्यापाशी जिवंत, धडधाकट होती. तिचं काहीच हरवलेलं नव्हतं, कागदावर. गेल्या आठवड्यात दुगूरीच्याच एका बाईनं त्या मुलीला नळावर पाहिलं, गालांवर लहानपणी कोरलेल्या उभ्या रेघांवरून ओळखलं, आणि मग कुठे हे सुरू झालं. आता महिना संपायला चार दिवस उरले होते. आणि महिनाअखेर तर सगळंच संपणार होतं. पोत्यांवर, तंबूंवर, पाण्याच्या टाक्यांवर ज्या देशाचा झेंडा छापलेला असे, त्या देशाच्या सरकारनं हात आखडता घेतला होता. शोध विभाग बंद. अर्धी माणसं घरी. ज्या मुलींना तोपर्यंत कुणी आपलं म्हणून नेणार नाही, त्यांची रवानगी दूरच्या एका गावातल्या सरकारी निवाऱ्यात, आणि तिथे गेलेल्या मुलींचं पुढे काय होतं हे विचारायच्या फंदात कुणी पडत नसे.

इथे थोरल्या लेकराचं नाव आई घेत नाही. त्याच्याकडे चारचौघांत बघत नाही, त्याला कडेवर घेत नाही, कुणी कौतुक केलं तर तोंड फिरवते, जणू ते शेजाऱ्याचं आहे. लाज असते ती. पहिलं मूल म्हणजे नवराबायकोतली गोष्ट जगापुढे उघडी पडणं. ते मूल आजीकडे वाढतं, आजी त्याला डोक्यावर घेऊन नाचते, आई मात्र हाक मारताना "ए" म्हणते किंवा तेही म्हणत नाही. केल्लूला सगळी छावणी मोदूची आई म्हणून ओळखायची, कारण मोदू दुसरा. हे यागानाला कुणी शिकवायची गरज नव्हती, ती इथलीच. आणि तरी नोंदणीच्या पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या सुइणीनं सगळ्या पोरींना जवळ बसवून सांगितलं होतं: "बायका जो आकडा सांगतील त्यात एक कमी असणार गं. आकडा लिहा, पेन खाली ठेवा, दुसरीकडे बघा आणि विचारा, घरात अजून कुणी वाढतंय का? मग ती म्हणेल, हो, सासूबाईंपाशी एक आहे. नाव तिच्या नणंदेला विचारा, शेजारणीला विचारा. तिला नाही." सोपी गोष्ट. पाच शब्दांचा प्रश्न. यागानानं तो शेकड्यांनी विचारला होता, इतका की झोपेतही ती तो पुटपुटते म्हणून नवरा चिडवायचा.

त्या एका दिवशी नाही विचारला. का नाही विचारला हे तिने नऊ वर्षांत स्वतःला नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं होतं. ऊन होतं. शाळेच्या मैदानात माणसांचा समुद्र होता, मातीत बसलेल्या, पायांच्या भेगांतून रक्त आलेल्या, न रडणाऱ्या माणसांचा. त्या देशाचे मोठे साहेब कॅमेऱ्यांसकट येणार होते आणि दुपारच्या आत दोनशे कुटुंबं संपवा असा हुकूम होता. एवढंच नव्हतं. खरं कारण लहान होतं, आणि लहान होतं म्हणूनच ते गिळवत नव्हतं. कॅमेरावाल्यानं लांबून तिला खूण केली होती, तुझा फोटो काढतो, पुढची बाई येऊ दे, ही जरा फार मळलेली दिसते. आणि यागानानं डोक्यावरचं वस्त्र सारखं केलं होतं. केल्लू पाच म्हणाली. यागानानं पाच लिहिलं. मग केल्लू उठली नाही. हात गुडघ्यांवर ठेवून, जमिनीकडे बघत बसून राहिली, वाट बघत असल्यासारखी. यागानाला दिसत होतं. तिला कळतही होतं, कळलं नव्हतं ही खोटी सफाई आता नको. तिने म्हटलं, "झालं, मावशी. पुढची." केल्लू आणखी थोडा वेळ बसली, मग पाठीवरचं तान्हं सावरून उठली. फोटो चांगला आला. तो कुठल्याशा अहवालात छापला गेला, यागानाच्या सासूनं तो कापून भिंतीवर लावला आणि अजून तो तिथेच आहे.

शाळेच्या फाटकापाशी रिक्षा थांबली. आता तिथे छावणी नव्हती, मुलंही पुरती परतली नव्हती, नुसत्या एका वर्गात कार्यालय थाटलेलं. फाटकाशी चवळीची भजी तळणाऱ्या बाईनं हाक मारली, "यागाना, आज उपाशीच? पैसेवाली पाहुणी आली म्हणून भूक पळाली का तुझी?" "भूक नाही गं, नोकरी पळतेय." "पळू दे. माझ्याशेजारी बस कढई घेऊन. निदान तेलाचा वास तरी खरा असतो." यागाना हसून फाटकातून आत शिरली. सहा तोंडं तिच्या पगारावर जगत होती. नवऱ्याचं सोमवार बाजारातलं मोबाइल दुरुस्तीचं दुकान दोनदा जळालं होतं. आणि ग्रेमानं परवा चहा पिताना, कुणाकडेही न बघता म्हटलं होतं, "यादी मी करत नाही. पण ज्याच्या कागदावर डाग सापडेल तो आधी जाणार, हे काही सांगायला नको." ग्रेमा वाईट माणूस नव्हता. तो नुसता दमलेला होता. अशी दमलेली माणसंच आजकाल सगळं ठरवतात, असं तिला वाटलं, आणि आपणही त्यातल्याच, हेही वाटलं.

वर्गात फळ्यावर कुणीतरी लिहिलेली बेरीज अर्धवट पुसलेली होती. पाहुण्या बाईचं नाव मार्गिट. पन्नाशीची, उन्हानं नाक सोललेलं, पायात धुळीच्या साध्या चपला. यागानाला ती दुष्ट निघायला हवी होती, म्हणजे बरं झालं असतं. पण ती उठून उभी राहिली, यागानाशी दोन्ही हातांनी हात मिळवला आणि तिच्या भाषेत, चुकतमाकत, रात्र कशी गेली, घरची कशी आहेत असं सगळं विचारलं. ग्रेमा खिडकीशी बसला होता. केल्लू आली तेव्हा तिने कुणालाच ओळख दाखवली नाही. ती बारीक झाली होती. डोक्यावरचं वस्त्र धुतलेलं, अंगाला सुगंधी धुराचा वास. म्हणजे पहाटे उठून तिने लाकडाच्या ढलप्या जाळून कपड्यांना धुरी दिली होती, जशी लग्नाला जाताना देतात. ही बाई लेकीला न्यायला आली आहे. कुणालाही कळलं असतं. पण वासाला कागदावर जागा नव्हती.

मग मुलीला आणलं. उंच, खांदे आत ओढलेले, डोळे जमिनीला. दारात ती थांबली. केल्लूनं एकदाच, पापणी लवायच्या आत, वर पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पूर्ण फिरवलं, पाठमोरी झाली म्हणा ना. यागानाला बरोबर ठाऊक होतं याचा अर्थ काय, आणि त्याच क्षणी ठाऊक नव्हतंही. कारण जंगलातून परत आलेल्या मुलींकडे अशीच पाठ फिरवलेलीही तिने पाहिली होती, सख्ख्या आयांनी, आणि ती पाठ हुबेहूब अशीच दिसते. मुलीनं आईच्या पाठीकडे पाहिलं. नऊ वर्षांनी तीही तेच वाचायचा प्रयत्न करत होती, लाज की नकार, आणि तिला सांगणारी आजी रस्त्यात कुठेतरी मेली होती.

मार्गिट हळू आवाजात म्हणाली, "ती ओळखत नाही का हिला?"

ग्रेमा घसा खाकरून म्हणाला, "इथे तसा रिवाज आहे, बाई. पहिल्या मुलाकडे आई बघत नाही."

"मी ऐकलंय त्याबद्दल," मार्गिट म्हणाली. "मला तिला अवघडवायचं नाही. जुन्या नोंदीत या मुलीचा उल्लेख असला, कसाही, सासूकडे एक आहे एवढा जरी असला, तरी मला पुरे. मी आत्ता सही करते. नसेल तर नियमाप्रमाणे आईनं नाव घेऊन सांगावं लागेल. गेल्या वर्षी दोन मुली चुकीच्या माणसांच्या हाती गेल्या. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही मला." तिने हात पुढे केला आणि यागानानं तो कागद दिला. मार्गिटनं चष्मा लावला. "पाच. हे अक्षर तुमचं ना? सुंदर आहे. आठवतंय काही? ती या मुलीबद्दल बोलली होती का तेव्हा?"

आता बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, तीन शब्दांचं, नऊ वर्षं जिभेखाली ठेवून गुळगुळीत झालेलं. मी विचारलं नव्हतं. तेवढं म्हटलं की मार्गिट दुरुस्तीचा कागद काढील, यागाना सही करील, मुलगी आईबरोबर जाईल. यागानाही जाईल, घरी, कायमची. तिने ग्रेमाकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता. तिच्या डोळ्यांपुढे घर आलं, सासूचं औषध आलं, कढईतलं तेल आलं, आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला, शांत, स्वच्छ, नोकरीतला. "ती पाच म्हणाली होती."

खोटं नव्हतं ते. एक अक्षर खोटं नव्हतं. मार्गिटनं सुस्कारा सोडला. "मग विचारा तिला. सौम्यपणे विचारा. मुलीचं नाव, बस्स."

यागाना उठली आणि केल्लूपाशी जमिनीवर उकिडवी बसली, भिंतीकडे तोंड करून, म्हणजे दोघी एकाच चुन्याच्या पोपड्याकडे बघत होत्या. ती कुजबुजली, "मावशी, नाव घ्यावं लागेल."

"नणंदेला विचार."

"नणंद कुठे आहे?"

"मेली. तिकडेच." केल्लूनं पोपड्याचा एक तुकडा नखानं काढला. मग तितक्याच हळू आवाजात म्हणाली, "तुला ठाऊक होतं गं. तू आपल्यातली. त्या दिवशी मी बसून राहिले होते, तू विचारशील म्हणून."

केल्लू रागावलेली नव्हती. रागावली असती तर सोसलं असतं. ती एखादी राहून गेलेली गोष्ट सांगावी तसं सांगत होती. "मग वाटलं, उद्या विचारील. दर महिन्याला धान्याला यायचे ना, तेव्हा तुझ्याच रांगेत उभी राहायचे मी. मोदू म्हणायचा, आई, ती दुसरी रांग छोटी आहे. मी म्हणायचे, असू दे." आणि यागानाला आठवलं, ती रांग, तो चेहरा, आणि आपण दर वेळी मान खाली घालून शाईत बुडवलेला तिचा अंगठा कागदावर टेकवत होतो ते. किती महिने? मोजवेना. केल्लूला तिच्याकडून फक्त एक प्रश्न हवा होता आणि तिने पोतीच्या पोती दिली होती.

"एकदाच म्हण, मावशी," ती म्हणाली. यापेक्षा हलकट वाक्य आपण आयुष्यात बोललो नाही हे तिला बोलता बोलताच कळलं. "नाहीतर तिला दूर पाठवतील."

केल्लूनं डोक्यावरचं वस्त्र पुढे ओढून तोंड झाकलं. वस्त्राच्या आतून काहीतरी आलं, श्वासासारखं. मार्गिट म्हणाली, "माफ करा, मला ऐकू नाही आलं. मोठ्यानं म्हणायला सांगाल?" यागानानं सांगितलं. तेही सांगितलं. तेव्हा केल्लूनं वस्त्र मागे सारलं, उठली, वळली, आणि सगळ्यांसमोर, परक्या पुरुषासमोर, खिडकीत गोळा झालेल्या बायकांसमोर, लेकीच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "फन्ना." आवाज मोठा होता, दाणे पाखडताना कोंबड्यांना हाकलावं तसा, ओबडधोबड, कधीच न वापरलेला. "फन्ना. माझी फन्ना. मी जन्म दिला हिला, दुगूरीत, बाजरी निघत होती तेव्हा. फन्ना." खिडकीतल्या एका बाईनं चक्क डोळे झाकून घेतले. आणि ती मुलगी, फन्ना, धावत आली ती मिठी मारायला नाही. तिने आपला तळवा आईच्या तोंडावर दाबून धरला. "पुरे गं," ती म्हणत होती, "पुरे, पुरे, नको ना म्हणू," आणि आई तिच्या तळव्यामागून अजून म्हणतच होती, थांबता येत नसल्यासारखी.

मार्गिटचे डोळे भरून आले होते. तिने सही केली, शिक्का मारला, कागद यागानापुढे सरकवला. "इथे साक्षीदार म्हणून तुमची सही. आणि या रकान्यात कारण, पहिल्या नोंदणीत मुलगी का नव्हती ते." ग्रेमा खिडकीपासून न हलता म्हणाला, "लिही, आईनं माहिती दिली नाही. तसंच लिहितात." यागानानं पेन उचललं. आईनं माहिती दिली नाही. तीच शेपटी, तेच अक्षर. तिने 'आ' काढला आणि हात थांबला. तिला वाटलं नाही की आपण धीट झालो. तिला नुसती शिसारी आली, स्वतःच्या अक्षराची, बस्स. पेन खाली ठेवून ती आधी आपल्या भाषेत, केल्लूला ऐकू जाईल असं म्हणाली, आणि मग मार्गिटच्या भाषेत म्हणाली, "मी विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे ठाऊक होतं, तरी नव्हतं विचारलं. ही थांबली होती."

ग्रेमानं डोळे मिटले. मार्गिट तिच्याकडे बघतच राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त न समजणं होतं, लहान मुलासारखं स्वच्छ. "पण मग," ती म्हणाली, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? एवढ्यानं झालं असतं. तिला काहीच बोलावं लागलं नसतं."

सहा तोंडं, सासूचं औषध, हे सगळं होतं तिथेच, पण ते बाहेर काढून टेबलावर ठेवण्यासारखं राहिलं नव्हतं. तिने रकान्यात लिहिलं, नोंद करणाऱ्या बाईनं विचारलं नाही, आणि खाली नाव घातलं. शाई वाळेपर्यंत ती तशीच बसली. आपली नोकरी आता गेली हे तिला कळलं, आणि त्याचं काहीच वाटेना, नंतर वाटणार होतं.

केल्लू दाराकडे निघाली. फन्ना मात्र टेबलापाशी थांबली. तिचे डोळे रडून लाल नव्हते, कोरडे होते, आणि इतक्या जवळून बघितल्यावर ती एकोणिसाची वाटत नव्हती. "ताई," ती म्हणाली, "तुला लेकरं आहेत?"

"आहेत."

"थोरलं काय, मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"नाव काय तिचं?"

खिडकीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. ग्रेमानं मान फिरवली. मार्गिटला भाषा कळत होती तेवढी कळली आणि तीही वाट पाहू लागली, कारण प्रश्न तर साधाच होता. यागानानं तोंड उघडलं. अकरा वर्षांची होती ती, आजीपाशी झोपायची, शाळेतून आली की दप्तर दारातच टाकायची, आणि तिचं नाव यागानाला ठाऊक होतं, अहो, तिनेच मनात धरलं होतं ते, बारशाच्या आधी कितीतरी दिवस. ती घशापर्यंत आणत होती. येत नव्हतं. मान, कानशिलं, सगळं तापून निघालं, भर सभेत कुणी अंगावरचं वस्त्र ओढावं तसं. घ्यायलाच हवं, असं ती स्वतःला म्हणत होती, निदान आता तरी घ्यायलाच हवं, आणि ओठ नुसते हलत होते. फन्ना उभी होती. तिच्या चेहऱ्यावर सूड नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं.

केल्लू दारातून परत आली. तिने लेकीचं मनगट धरलं, सगळ्यांदेखत, घट्ट, आता झाकायचं काही उरलंच नव्हतं म्हणून असेल.

"चल," ती म्हणाली. "नको म्हणायला लावू तिला."